फुकटचं गिम्प, महालातला स्टुडिओ आणि काकाजींची झालेली मारबत

"हे काय करून ठेवलं वं पोरी? मले मारबत बनवलं काय?"

तीन संध्याकाळी खपून केलेल्या पोर्ट्रेटला मिळालेला हा पहिला अभिप्राय. देणारे काकाजी आमच्याच गल्लीतले सुतार, वय ७४. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडाचे बैल घडवतात. त्यांचा चेहराही त्यांच्याच पटाशीने कोरल्यासारखा आहे. कपाळावर चार आडव्या घड्या, डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या रेषा, गालात खळगे, आणि डाव्या भुवईवर लहानपणी वाकस लागल्याची खूण. असा चेहरा रोज समोर चहाला येतो आणि घरात कॅमेरा आहे, तर माणूस किती दिवस धीर धरणार?

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मिरवणुकीने नेऊन जाळतात तो अक्राळविक्राळ पुतळा. एक काळी, एक पिवळी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शहरभरची रोगराई तिच्या पदरात टाकायची आणि तिला गावाबाहेर धाडायची. तेव्हा काकाजींनी माझ्या कलेचं नेमकं काय कौतुक केलं ते लक्षात आलं असेल.

मी गिम्प ३.० हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरलं ते एवढ्याच कामासाठी, म्हणजे हल्ली पोरं ज्याला 'डार्क लूक' म्हणतात तशा भारदस्त, सुरकुती न सुरकुती दाखवणाऱ्या पोर्ट्रेटसाठी. त्यात पोस्टर कसं होतं, लोगो कसा होतो, हे मला विचारू नका.

स्टुडिओ बाबांचा. नागपूरच्या महाल भागात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. आता धंदा म्हणाल तर परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. पांढरं बॅकग्राउंड, २० ते ५० केबीच्या आत फाइल, दोन्ही कान दिसले पाहिजेत. दुसरा धंदा स्थळासाठीच्या फोटोंचा. तिथे एकच मागणी असते, "ताई, थोडं उजळ करून द्या ना." वीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावरून वय पुसत आले. बाबांनी त्याआधी तीस वर्षं तेच केलं, फक्त ते पेन्सिलने करायचे. निगेटिव्हवर आधी एक चिकट द्रव चोळायचा, म्हणजे पेन्सिलीचं शिसं धरतं. मग उतरत्या डेस्कवर खालून उजेड घेऊन, भिंगातून बघत, एकेका सुरकुतीत शिसं भरायचं. निगेटिव्हमध्ये सावली म्हणजे पारदर्शक जागा. ती पेन्सिलने भरली की कागदावर तिथे उजळ येतं आणि सुरकुती गेली. उलटं करायचं असेल तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. याला आमच्या धंद्यात 'टचिंग' म्हणतात आणि बाबांचं टचिंग इतवारीपर्यंत प्रसिद्ध होतं.

म्हणून गेल्या वर्षी एक पोट्टा येऊन म्हणाला, "ताई, मले असा फोटो पायजे की चेहऱ्यावरचं सगळं दिसलं पायजे," तेव्हा मी जरा गडबडले. त्याने मोबाइलवर नमुना दाखवला. रंग निम्मे उडालेले, काळं गडद काळं, आणि त्वचा अशी की झाडाची साल वाटावी. त्याला हवं होतं ते मूळचं आंद्झेई द्रागान नावाच्या पोलिश माणसाचं. हा माणूस पोटापाण्याने भौतिकशास्त्रज्ञ, वॉर्सा विद्यापीठात क्वांटमवाला, आणि जोडीला फोटोग्राफर. त्याच्या पोर्ट्रेटच्या शैलीला जगभर त्याचंच नाव पडलं. आमच्याकडे त्याचं 'ड्रॅगन इफेक्ट' झालं, आणि पोट्ट्याला खात्री होती की त्यात कुठेतरी ड्रॅगन येतो.

त्या पोट्ट्याचं काम मी तेव्हा एका महिना-भाड्याच्या सॉफ्टवेअरवर उरकलं. नाव घेत नाही, काम चांगलं देतं, पण दर महिन्याला भाडं कापलं जातं आणि पावसाळ्यात माझ्याकडे इतके फॉर्मही येत नाहीत. ते बंद केलं आणि गिम्पकडे वळले.

थोडी पार्श्वभूमी देते. गिम्प हे बर्कलेच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलं. तेव्हापासून ते फुकट आहे आणि मुक्त आहे, म्हणजे कोणीही त्याचा आतला कोड बघावा, बदलावा, वाटावा. यातली २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली आणि ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. सात वर्षं! एवढ्यात आमच्या शहरात मेट्रो सुरू होऊन तिची सवयही झाली. पण ३.० मध्ये जी एक गोष्ट आली तिच्यासाठी थांबणं वसूल झालं, आणि काकाजींची मारबत शेवटी माणसात आली ती तिच्यामुळेच. तिच्याकडे येते.

आधी फोटो. मे महिना, बाहेर ४४ अंश. वाड्याची उत्तरेची खिडकी जाड भिंतीत खोल आहे, तिथून येणारा उजेड दिवसभर थंड आणि एकसारखा असतो. तिचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून फूटभर रुंदीची उभी फट ठेवली. काकाजींना तिच्या अगदी बाजूला बसवलं, म्हणजे उजेड गालावरून घासत जाईल. मागे आईची काळी शाल टांगली. कूलर चालू होता तर शाल हलायला लागली, म्हणून कूलर बंद. पाच मिनिटांत काकाजी घामाने निथळले. मला वाईट वाटलं, पण कॅमेऱ्यातून पाहिलं आणि गप्प बसले. घामाच्या थेंबाथेंबावर उजेडाचा ठिपका आला होता आणि प्रत्येक घडीची कड चमकत होती. हा परिणाम आणायला बाहेरचे फोटोग्राफर चेहऱ्यावर पाण्याचा फवारा मारतात, तेल लावतात. आपल्याकडे कूलर बंद केला की झालं. ८५ मिमीची लेन्स, एफ ४, आयएसओ ८००, सेकंदाचा १२५ वा भाग. एकूण ३१ फोटो काढले. काकाजी कॅमेऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर चुकीची लावलेली बघत होते, तो सत्ताविसावा फोटो निवडला.

हे मुद्दाम एवढं लिहिलं, कारण परीक्षणं वाचून लोकांना वाटतं सॉफ्टवेअरने सगळं होतं. समोरून फ्लॅश मारलेल्या सपाट चेहऱ्यावर मी हाच खटाटोप करून पाहिला. आलेला प्रकार नुसता मळकट दिसत होता. घडीला सावलीच नसेल तर सॉफ्टवेअर खोल करणार काय?

गिम्प कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे काहीही प्रक्रिया न झालेली कच्ची फाइल, स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक सोबत टाकावं लागतं, दोन्ही फुकटच. रॉ फाइल गिम्पमध्ये उघडायला गेलं की ते आधी तिकडे पाठवतं, तिथे उजेड-अंधार ठीक करून मग आत घेतं. मला ही सोय आवडली. नव्या माणसाला मात्र एका कामासाठी दोन ऑफिसांच्या चकरा मारल्यासारखं वाटेल.

आणि इथेच माझी पहिली फजिती झाली. ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरची आणि माझ्या हावरटपणाची. फोटो २४ मेगापिक्सेलचा. म्हटलं, फुकट मिळतंय तर रंगांची सगळ्यात उंची खोली (बिट डेप्थ) घेऊ, म्हणून ३२ बिट फ्लोटमध्ये उघडला. आता हिशेब करा. एका पिक्सेलला चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता), प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे १६ बाइट. २४ दशलक्ष पिक्सेल गुणिले १६ म्हणजे एका लेयरला (चित्रावर एकावर एक ठेवायच्या थरांपैकी एकाला) ३८४ एमबी. असे सहा लेयर झाले की २,३०० एमबी, त्यावर मूळ प्रत, त्यावर अनडूचा साठा. माझ्याकडे रॅम एकूण ८ जीबी, त्यातच ब्राउझर उघडा. कॉम्प्युटर असा बसला की जणू पेन्शनवर गेला. दुसऱ्या दिवशी १६ बिटमध्ये उघडला, निम्म्या वजनात काम झालं आणि फरक डोळ्याला दिसला नाही. ८ बिटवर मात्र उतरू नका. तिथे प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, आणि गडद पार्श्वभूमीवर कर्व्हज (उजेड-अंधार कमी-जास्त करायचा आलेख) ओढले की त्या पायऱ्या पट्ट्यापट्ट्यांनी दिसायला लागतात.

आता खरी मजा. फिल्टर्सच्या मेनूत एन्हान्स, त्यात वेव्हलेट डिकंपोझ. नाव ऐकून इंजिनिअरिंगचा पेपर आठवतो, पण काम सोपं आहे. समजा रवा चाळायच्या पाच चाळण्या एकावर एक ठेवल्या. सगळ्यात बारीक जाळीत त्वचेची छिद्रं आणि केसांची टोकं राहतात, त्यानंतरच्या जाळीत बारीक रेषा, मग सुरकुत्या, मग घड्या, आणि सगळ्यात खाली उरतो तो चेहऱ्याचा रंग आणि मोठ्या सावल्या. गिम्प चेहऱ्याचे असे पाच थर आणि सहावा उरलेला भाग वेगळा करून लेयरच्या ढिगात मांडून देतं. सगळे दिसत असले की फोटो जसाच्या तसा दिसतो.

हे हत्यार लोक वापरतात ते चेहरा गुळगुळीत करायला. सुरकुतीचा थर धूसर केला की वय उतरतं, छिद्रं तशीच राहतात, म्हणून चेहरा प्लॅस्टिकचा वाटत नाही. स्थळाच्या फोटोंसाठी हे सोनं आहे, आणि मी आता ते सर्रास वापरते. पण मला उलट्या दिशेला जायचं होतं. युक्ती अशी की थराची नुसती डुप्लिकेट काढायची. हे थर ग्रेन मर्ज नावाच्या मोडमध्ये (मोड म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची रीत) खालच्या चित्रात मिळवले जातात, म्हणून तोच थर दोनदा ठेवला की तेवढेच तपशील दुप्पट होतात. मी मधल्या दोन थरांच्या डुप्लिकेट काढल्या आणि सुरकुत्या, घड्या एकदम वर उठल्या. सगळ्यात बारीक थराला हात लावला नाही. तिथे आयएसओ ८०० चा खरखरपणा बसलेला असतो, त्याची डुप्लिकेट काढली की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. 'डार्क लूक'वाले बहुतेक इथेच फसतात. सगळंच एकदम धारदार करतात, मग छिद्रं, दाढीचे खुंट, घड्या, सगळं एकाच आवाजात ओरडायला लागतं.

यानंतर रंग. कॉन्ट्रास्ट वाढवला की आरजीबीत (लाल-हिरवा-निळा या स्क्रीनच्या रंगांत) रंगही आपोआप भडकतात, आणि आपली सावळी त्वचा विटकरी लाल होते. काकाजींचे कान तर पेटल्यासारखे दिसायला लागले. यावर गिम्पमध्ये छान उपाय आहे. 'न्यू फ्रॉम व्हिजिबल' म्हणून सगळ्याची एक सपाट प्रत काढायची, ती मूळ फोटोच्या वर ठेवायची आणि तिचा मोड एलसीएच लाइटनेस करायचा. उजेड-अंधार नवा आणि रंग जुने. कान विझले.

मग रंग थोडे फिके करायचे. यासाठी जुनी लॅबमधली रीत आहे, ब्लीच बायपास. रंगीत फिल्म धुताना चांदी काढून टाकणारी पायरी गाळायची, म्हणजे रंगाच्या वर चांदीचं काळं-पांढरं चित्रही राहून जातं. १९६० मध्ये काझुओ मियागावा या जपानी छायालेखकाने सिनेमासाठी ती पहिल्यांदा वापरली. कॉम्प्युटरवर तीच गोष्ट करायची तर फोटोची काळी-पांढरी प्रत वर ठेवून ओव्हरले मोड लावायचा आणि अपारदर्शकता कमी-जास्त करायची. मी ३५ टक्क्यांवर थांबले. काकाजींचं धोतर पांढरंच राहिलं, खांद्यावरचा भगवा गमछा मात्र उन्हात वाळल्यासारखा फिकट झाला.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त मजा आली ती डॉज आणि बर्नमध्ये. हत्यारांच्या पेटीत या साधनाचं चित्र बघा. काडीवर लावलेली गोल चकती. नव्या पोरांना ती लॉलीपॉप वाटते. आमच्या डार्करूममध्ये ती खरीच होती, सायकलच्या स्पोकच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती. एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) उजेडात ती हलवत धरली की तिच्या सावलीतला भाग कागदावर उजळ यायचा, तो डॉज. मुठीला भोक ठेवून एकाच जागी जास्त उजेड पाडला की तो भाग काळवंडायचा, तो बर्न. चकती एका जागी थांबली की गोल डाग उमटायचा आणि बाबा मागून म्हणायचे, "हात हालू दे, झोपली काय?" लाल दिव्यात मी हे बारा वर्षांची असल्यापासून केलं आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद होता. तो कारखाना गेला, कागद गेला, शब्द मात्र मेनूत राहिले.

गिम्पचं डॉज-बर्न हत्यार थेट फोटोवर फिरवता येतं, पण तसं करू नये. रीत अशी की एक नवा लेयर घ्यायचा, ८०८०८० हा मधला करडा रंग भरायचा आणि मोड सॉफ्ट लाइट करायचा. करडा दिसेनासा होतो. मग त्यावर कमी दाबाचा पांढरा ब्रश फिरवला की उजळ, काळा फिरवला की गडद. चुकलं तर करड्याने पुसून टाका. मी माउसने सुरुवात केली आणि अर्ध्या तासात मनगट आखडलं. पेन टॅबलेट काढला, ब्रशच्या डायनॅमिक्समध्ये दाबाप्रमाणे अपारदर्शकता लावली, आणि एकदम हात ओळखीचा झाला. अपारदर्शकता ६ ते ८ टक्के. प्रत्येक घडीच्या वरच्या कडेला उजेड, तळाला अंधार. नाकाच्या दांड्यावर एक सरळ उजळ रेघ. डोळ्याच्या बुबुळात खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती उजेड. भुवईवरच्या खुणेला जरा जास्त. बाबा जी सुरकुती पेन्सिलने भरायचे, तीच मी त्याच हाताच्या वळणाने कोरून काढत होते. दोन रात्री गेल्या, साडेतीन तास नुसते चेहऱ्यावर.

इथे थांबायला पाहिजे होतं.

मी थांबले नाही. रात्री एक वाजता मला वाटलं अजून थोडं पाहिजे. कडा उठवणारा हाय पास फिल्टर टाकला, त्रिज्या मोठी ठेवली, मोड हार्ड लाइट. वरून अनशार्प मास्क. (हाही शब्द जुना आहे, निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच ठेवून छापायचे, आणि त्या अस्पष्ट मुखवट्यामुळे कडा धारदार व्हायच्या.) मग शॅडोज-हायलाइट्स, मग कोपरे काळवंडवणारं विग्नेट. काकाजींच्या जबड्याभोवती दुधी रंगाचं वलय आलं, देवाच्या कॅलेंडरात असतं तसं, आणि मला ते रात्री एक वाजता 'सिनेमॅटिक' वाटलं.

सकाळी काकाजी चहाला आले. स्क्रीनसमोर स्टूल ओढून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तो मारबतीचा प्रश्न. मग बोट लावून एकेक जागा दाखवायला लागले. "हे गालावर काय व्हय? इथं मले खड्डा नाई." हात फिरवून बघितला. "आहे, पण एवढा नाई. अन् हे डोकशाच्या मागं उजेड कायचा होऊन राहिला? मी काय मेलो काय?"

काकाजी लाकूड कोरणारे. बैलाच्या मानेची पोळी कुठे वळते, डोळ्याभोवती किती खोल जायचं, हे त्यांच्या हाताला माहीत. म्हणाले, "खोल गेलं की लाकूड परत भरता येत नाई. तुह्या मशिनीत येते काय?"

येतं! आणि हीच ती सात वर्षं वाट पाहिलेली गोष्ट. जुन्या २.१० मध्ये फिल्टर लावून ओके दाबलं की तो चित्रात मुरायचा, मग अनडू करत मागे जा, मधलं सगळं काम गमवा. ३.० मध्ये फिल्टर लेयरला नुसता टांगलेला राहतो. लेयरच्या बाजूला 'एफएक्स' अशी खूण येते, तिथे टिचकी मारली की लावलेल्या सगळ्या फिल्टरची यादी. फिल्टरपुढचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की फिल्टर गेला, आकडे बदलले की बदलला. मी काकाजींसमोरच एकेक डोळा मिटत गेले. अनशार्प मास्क बंद. शॅडोज-हायलाइट्स बंद. हाय पासची त्रिज्या ४० वरून ६ वर आणली, मोड हार्ड लाइटवरून सॉफ्ट लाइट केला, वलय विरलं. सुरकुत्यांच्या डुप्लिकेट थरांची अपारदर्शकता १०० वरून ४५. करड्या लेयरवरच्या माझ्या साडेतीन तासांना ७० टक्के.

काकाजी बघत होते. ४५ ला म्हणाले, "हां. आता मी व्हय."

हे पाहून सॉफ्टवेअरला मी पूर्ण गुण दिले असते. पण कुरबुरी आहेतच, त्याही सांगते.

पहिली, सेव्ह आणि एक्स्पोर्ट. सेव्ह म्हटलं की गिम्प फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातच सेव्ह करतं. जेपीईजी पाहिजे तर एक्स्पोर्ट. यामागचा विचार बरोबर आहे, लेयर हरवत नाहीत. पण मदतीला येणारी पोरगी महिनाभर ग्राहकांना एक्ससीएफ फाइल व्हॉट्सअ‍ॅप करत होती, आणि लोक "ताई, फोटो उघडून नाई राहिला" म्हणून दुकानात परत येत होते.

दुसरी, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग. गिम्पमध्ये काम सगळं आरजीबीत होतं. छपाईचा अंदाज स्क्रीनवर बघता येतो, काही प्रकारांत सीएमवायके एक्स्पोर्टही होतं, पण थेट त्या रंगांत बसून काम करायची सोय नाही. फोटो पेपरवरच्या प्रिंटला याने काही अडत नाही. फ्लेक्सवाल्यांचं अडतं, आणि नागपुरात फ्लेक्सवाल्यांना रिकामा वेळ कुठे? तसंही चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भाऊं'चे जे चेहरे असतात, तिथे हा डार्क लूक चालायचा नाही. तिथे भाऊ गोरेच लागतात आणि मागे वाघ.

तिसरी कुरबूर मेनूची. एन्हान्समध्ये काय, लाइट अँड शॅडोमध्ये काय, कलर्समध्ये काय, हे पाठ व्हायला मला महिना लागला. स्लॅश दाबला की शोधायची पट्टी उघडते, नाव टाइप करा आणि चला. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर महिना वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगतेय.

जीमिक नावाचा जोडधंदाही (प्लग-इन) आहे, फ्रान्समधल्या ग्रेक प्रयोगशाळेचा. तो गिम्पला जोडला की पाचशेच्या वर फिल्टर मिळतात. त्यात एका टिचकीत डार्क लूक देणारेही आहेत. बघितले, हसले, सोडून दिले. भाचा मोबाइलवर तेच तीन सेकंदांत करतो, पण त्याच्या अ‍ॅपने काकाजींचे डोळे निळसर केले आणि भुवईवरची खूण पुसून टाकली.

प्रिंट काढायला सीताबर्डीवरच्या लॅबमध्ये गेले, १२ बाय १८, मॅट. पहिली प्रिंट कोळशासारखी काळी आली. लॅबवाल्याशी वाद घालायला तोंड उघडणार तेवढ्यात आठवलं, माझ्या मॉनिटरचा उजेड पूर्ण वर होता, रात्री अंधाऱ्या खोलीत. मॉनिटर जेवढा लख्ख, तेवढे आपण फोटो जास्त काळे करत जातो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. घरी येऊन मॉनिटर निम्म्यावर आणला, पांढरा कागद बाजूला धरून ताडून बघितला, कर्व्हजमधून सावल्या थोड्या उचलल्या आणि दुसऱ्यांदा प्रिंट काढली. पहिल्या प्रिंटचे पैसे माझे गेले. ती आता स्टुडिओच्या कपाटाच्या आत चिकटवलेली आहे, दार उघडलं की काकाजी अंधारातून बघतात.

तर घ्यावं का? पैसे नाहीत लागत, त्यामुळे घ्यावं का हा प्रश्न वेळेचा आहे. रोज ४० लग्नांचे फोटो हातावेगळे करणाऱ्याने गिम्पच्या वाटेला जाऊ नये, त्याला शेकडो फोटो एकदम हाकणारं काही पाहिजे. एकेका चेहऱ्यावर दोन रात्री घालवायची ज्याला खाज आहे, त्याने डोळे मिटून घ्यावं. १६ जीबी रॅम असेल तर उत्तम, ८ असेल तर १६ बिट आणि ब्राउझर बंद. साधा का होईना, पेन टॅबलेट पाहिजेच. माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक त्या एक्ससीएफ फाइली घेऊन परत आलेल्या ग्राहकांच्या नावे.

दुसरी प्रिंट फ्रेम करून काकाजींना दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग भुवईवरच्या खुणेवर अंगठा फिरवला. म्हणाले, दुकानात लावतो, बैलांच्या वर, गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे की कारागीर जुना आहे. चहा संपवून उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"अन् एक साधा काढून ठेवजो. माझ्या माघारी हार घालाले. याले हार घातला तं नातवंडं खोलीत नाई यायची."

लगेच काढला. या वेळी कूलर चालू, पुठ्ठा काढून टाकलेला, पूर्ण खिडकीचा उजेड. नाकावर एक केस होता तेवढा हील टूलने काढला. सात मिनिटं लागली. आठव्या मिनिटाला काकाजी मागून म्हणाले, "थोडा उजळ कर ना वं."